मेनोपॉजच्या काळात इंटरमिटंट फास्टिंग करावं का?

रानजाई :
नमस्कार. वय ४९, घर बोरिवलीला, नोकरी फोर्टला बँकेत. पाळी कधी दोन महिन्यांनी येते, कधी चार. वजन फार वाढलेलं नाही, पण जे वाढलंय ते सगळं पोटावर. जुने ड्रेस खांद्यात नीट बसतात, कमरेत अडकतात. रात्री घामाने जाग येते, पंखा फुल करते, नवरा पांघरूण ओढून घेतो आणि नंतर झोप लागेल तर शपथ.

आमच्या लोकलच्या ग्रुपमध्ये सध्या बऱ्याच जणी १६:८ करताहेत, म्हणजे सोळा तास उपाशी आणि खाणं आठ तासांतच. रात्री जेवलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी आणि कोरा चहा, बाकी काही नाही. एकीचं वजन छान उतरलं. दुसरीला परवा अंधेरी सुटल्यावर उभ्याउभ्याच गरगरलं, आम्ही तिला खाली बसवलं आणि कुणाच्या तरी पर्समधला चिक्कीचा तुकडा तोंडात घातला. दोघी माझ्याच वयाच्या.

माझा दिवस असा : पाचला उठायचं, तीन डबे, सातच्या सुमाराची फास्ट. संध्याकाळी आठला घरात पाऊल. स्वयंपाक, जेवायला साडेनऊ-दहा. म्हणजे १६:८ करायचं तर मला फक्त सकाळचे पोहे-उपमा सोडावे लागतील, बाकी काही बदलायला नको. पण या वयात ते करावं का? हाडांचं काय, हार्मोन्सचं काय? थायरॉइडची गोळी चालू आहे. ज्यांनी केलंय त्यांनी, आणि डॉक्टर मंडळींनीही कृपया लिहा.

मोगरा_दादर :
वाचतेय. माझाही हाच प्रश्न आहे, पाळी जाऊन दोन वर्षं झाली.

अनुभव म्हणशील तर २०१८ च्या सुमारास सगळीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवायची पद्धत गाजत होती, तेव्हा मी केली होती. दोनच जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही, शिवाय रोजचं चालणं. वजन उतरलं, साखर सुधारली. पण तेव्हा पाळी नियमित होती. आता पुन्हा सुरू केलं तर वजन तितकं हललं नाही आणि जिना चढताना मांड्यांत जोरच राहिला नाही. म्हणून थांबवलं. पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझं शरीर बदललंय आणि तीच पद्धत जशीच्या तशी लागू होत नाहीये, एवढंच.

उत्तररात्र :
मी उलट बाजूने लिहिते. वय ५२, १६:८ करते आणि मला ते मानवलं. ऑफिसमध्ये अकराच्या चहाबरोबर बिस्किटं, कुणाच्या वाढदिवसाचा केक, चारला वडापाव, घरी आल्यावर फरसाण, हे सगळं आपोआप सुटलं. कॅलरी मोजायला मला जमत नाही, घड्याळ बघायला जमतं. पोट हलकं वाटतं. ज्याला त्याला झेपेल तसं करावं, पण उगाच घाबरवू नये असं मनापासून वाटतं.

डॉ_निशिगंध :
स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. सविस्तर लिहिते, कारण ओपीडीत हा प्रश्न रोज येतो आणि तिथे पुरेसा वेळ मिळत नाही.

आधी रानजाई कुठे आहेत ते पाहू. सलग बारा महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला म्हणतात. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. रानजाई अजून त्याच्या आधीच्या टप्प्यात आहेत, आणि हाच काळ सगळ्यात अस्थिर असतो. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक सरळ रेषेत उतरत नाही, वरखाली होत राहतं. ते कमी होत गेलं की चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटावर साठू लागते, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि हाडांची झीज वेगाने व्हायला लागते. शेवटच्या पाळीच्या आगेमागेची काही वर्षं हाडांच्या दृष्टीने सगळ्यात महागाची. स्नायूही वयानुसार घटत असतात. तेव्हा या वयात वजनकाट्यावर नुसता आकडा खाली आला म्हणून आनंद मानू नका. काय उतरलं ते बघा. चरबी उतरली तर उत्तम, स्नायू उतरले तर नुकसान.

आता फास्टिंगबद्दल. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या क्रिस्टा वाराडी यांच्या गटाने २०२२ मध्ये लठ्ठ स्त्रियांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाळी चालू असलेल्याही होत्या, गेलेल्याही. दिवसातल्या फक्त चार ते सहा तासांत खायचं, असं आठ आठवडे. वजन उतरलं. पाळी गेलेल्या बायकांमध्ये इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन तपासलं, त्यात फरक पडला नाही. डीएचईए नावाचं एक संप्रेरक मात्र दोन्ही गटांत साधारण १४ टक्क्यांनी उतरलं, तरी नॉर्मलच्या मर्यादेतच राहिलं. ‘फास्टिंगने बायकांचे हार्मोन्स बिघडतात’ या म्हणण्याला यातून आधार मिळत नाही. पण बायका दोन डझनही नव्हत्या आणि काळ दोनच महिन्यांचा होता, हेही लक्षात ठेवा.

वजनाच्या बाबतीत २०२२ चाच चीनमधल्या ग्वांगझूचा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १३९ जण, पूर्ण एक वर्ष. सगळ्यांना कमी कॅलरीचा आहार, पण अर्ध्यांनी तो सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळेत घ्यायचा. वर्षाअखेरीस वेळ पाळणाऱ्यांचं सरासरी ८ किलो उतरलं, बाकीच्यांचं ६.३. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक ठोस धरता येत नाही. म्हणजे वजन उतरतं ते एकूण खाणं कमी झाल्याने. घड्याळाची ज्यांना मदत होते त्यांनी घ्यावी, जशी उत्तररात्र यांना झाली.

आणि माझी खरी काळजी इथे आहे. अमेरिकेत २०२० मध्ये ११६ जणांवर बारा आठवड्यांचा अभ्यास झाला, दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळेत खाण्याचा. रानजाईंच्या मैत्रिणी करताहेत जवळपास तसाच. वजन नेहमीसारखं तीन वेळा खाणाऱ्या दुसऱ्या गटाच्या मानाने विशेष उतरलं नाही, आणि जे उतरलं त्यात चरबी सोडून इतर वजनाचा, ज्यात स्नायू येतात, वाटा नको तेवढा मोठा होता. पन्नाशीच्या बाईला हे परवडणारं नाही.

ठाकुरद्वार :
पत्नीसाठी वाचतोय, वय ५१. डॉक्टर, एक शंका. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतं की उपवासाला नोबेल मिळालं आहे, सोळा तासांनी शरीर स्वतःच्या खराब पेशी खाऊन टाकतं. त्यामुळे ती चौदा तासांना भूक लागली तरी हट्टाने सोळा पूर्ण करते. कपाळावर हात धरून बसलेली असते.

डॉ_निशिगंध :
त्यांना सांगा, भूक लागली की जेवा. २०१६ चं वैद्यकाचं नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना मिळालं ते पेशी स्वतःचे जीर्ण भाग मोडून पुन्हा कसे वापरतात, त्या यंत्रणेच्या शोधासाठी. त्याला ऑटोफॅजी म्हणतात. त्यांचं मूळ काम यीस्टवर होतं. माणसाने अमुक तास उपाशी राहिलं की तमुक होतं, असं त्या पारितोषिकात कुठेही नाही. चौदाव्या आणि सोळाव्या तासात कुठलंही दार उघडत नाही. कपाळावर हात म्हणजे डोकेदुखी असेल, आणि अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांना उपाशी राहिल्याने झटका येऊ शकतो. तसा त्रास असेल तर हा प्रकारच नको.

सुई_दोरा :
हे कुणीतरी स्पष्ट लिहायलाच हवं म्हणून लिहिते. माझी नणंद, वय ५४, मधुमेह, ग्लिमेपिराइड चालू. यूट्यूब बघून सकाळचं खाणं बंद केलं, गोळी मात्र सवयीने घेत राहिली. एका सकाळी भाजी चिरताना हात थरथरायला लागले, घामाने गाऊन चिंब. आम्हाला वाटलं हॉट फ्लॅश आहे, तिलाही तसंच वाटलं. शेजारच्या नर्सबाईंनी बोटातून रक्त काढून बघितलं तर साखर ५२. त्यांनी तिथल्या तिथे साखरेचं पाणी पाजलं. मेनोपॉजचा घाम आणि साखर उतरल्याचा घाम बाहेरून सारखाच दिसतो गं. घरात ग्लुकोमीटर असेल तर घाम आला की एकदा बोट टोचून बघा.

डॉ_निशिगंध :
सुई_दोरा, फार महत्त्वाचं लिहिलंत. ग्लिमेपिराइड किंवा त्या जातीच्या गोळ्या, इन्सुलिन, यांवर असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून डोस बदलल्याशिवाय एकही जेवण वगळू नये. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांवर दीर्घ उपवास केला तर रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, साठून धोका होऊ शकतो, साखर फार वाढलेली नसतानाही. बीपीच्या गोळ्या आणि मुंबईची ऑक्टोबर हीट एकत्र आली की पाणी कमी पडून गरगरतं. लोकलमधल्या मैत्रिणीच्या गोळ्या कुठल्या आहेत ते विचारा, रानजाई.

भगरआमटी :
आपण बायका फास्टिंगला नव्या नाही. सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी, हरतालिका, नवरात्र. माझ्या आईचं एकभुक्त असायचं, दिवसातून एकदाच जेवायची. त्यामुळे मला हे परकं वाटत नाही. पण या धाग्यात एक गोष्ट यायला हवी. आपला आताचा उपास म्हणजे साबुदाणा, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं नावालाही नाहीत. खिचडीत जे काही सत्त्व आहे ते दाण्याच्या कुटाचं. उपासाच्या दिवशी भगर आणि दाण्याची आमटी करा, बरोबर वाटीभर दही, राजगिऱ्याची भाकरी.

संकष्टीचं सांगायचं तर दिवसभर रिकाम्या पोटी राहून रात्री चंद्रोदयानंतर नऊ-दहाला मोदक, वरण-भात, तळण. श्रद्धा म्हणून महिन्यातून एक दिवस जरूर करावं, मीही करते. पण वजनासाठी रोज तसंच वेळापत्रक ठेवायचं ठरवलं तर पोटाला ते जड जातं.

पालेभाजी :
आहारतज्ज्ञ आहे. भगरआमटींनी नेमकं बोट ठेवलंय, त्यालाच धरून पुढे लिहिते.

रानजाई, तुम्ही म्हणता सकाळचा नाश्ता सोडला की झालं, बाकी काही बदलायला नको. मला नेमकं उलटं करावंसं वाटतं. नाश्ता ठेवा, रात्रीचं दहाचं जेवण हलवा. संध्याकाळनंतर आपलं शरीर साखर तितक्या कार्यक्षमतेने हाताळत नाही. तोच भात दुपारी खाल्ला तर साखर जेवढी चढते त्याहून रात्री खाल्ला तर जास्त चढते. आणि दहाला भरपेट जेवून अकराला आडवं झालं की जळजळ आणि मोडकी झोप, ज्यात तुमचे घाम आधीच भर घालताहेत. आमच्या सोसायटीतल्या जैन शेजारणी चौविहार पाळतात, सूर्यास्तानंतर काही नाही. त्या ते धर्म म्हणून करतात, पण वेळेचा विचार केला तर बारा-तेरा तासांची ही विश्रांती पोटाला रात्रीच मिळते, दिवसा कामाच्या वेळी नाही.

दुसरा मुद्दा प्रथिनांचा, आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज सांगितली आहेत. उतारवयाकडे जाताना स्नायू टिकवायचे तर एक ते १.२ ग्रॅम घ्यावीत असं बरेच तज्ज्ञ सांगतात. साठ किलोच्या बाईला ६० ते ७० ग्रॅम. दोनच जेवणांत बसवायची तर दर जेवणात तीस-पस्तीस. आता मराठी शाकाहारी ताट डोळ्यांसमोर आणा. दोन पोळ्या, भाजी, वाटीभर आमटी, थोडा भात, कोशिंबीर. पंधरा-सोळा ग्रॅम झाले तरी पुष्कळ. त्यात पन्नास ग्रॅम पनीर घाला, नऊ वाढतील. वाटीभर घट्ट दही घ्या, आणखी पाचेक. तेव्हा कुठे तीसच्या जवळ जाल. एक जेवण वगळलं आणि उरलेल्या दोनांत हे घातलंच नाही, तर खर्च स्नायूंतून होणार.

कॅल्शियमचंही तसंच. पाळी गेल्यावर रोज १२०० मिलिग्रॅम लागतं. खाण्याचे तास जितके कमी, तितकं दूध-दही-नाचणी बसवायला जागा कमी. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम असतं, भाकरीसाठी तिला तोड नाही.

कोळीवाडा_वरळी :
मासे खाणाऱ्यांसाठी माझ्याकडून. मांदेली काट्यासकट खातात, ती कुरकुरीत तळण्यापेक्षा तव्यावर थोड्या तेलात करा. काट्यातलं कॅल्शियम फुकट मिळतं. जवळा, सुकट नुसतं भाजून, कांदा-कोकम-मिरची घालून चटणी केली की डब्यात दोन दिवस राहते. घरी आल्यावर बोंबील-सुरमई करायला कुणाला वेळ असतो, पण भाजलेली सुकट पाच मिनिटांत होते. बीपी असेल तर खारं जपून, आधी दोन पाण्यातून काढा. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया बाजारात पाट्या उचलत आल्या, त्यांच्या कमरा अजून ताठ आहेत. त्यांचं खाणंही तसंच होतं आणि वजन उचलणंही.

मोगरा_दादर :
पाट्या उचलण्यावरून. शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत आमचा चालण्याचा ग्रुप आहे. आमच्यात एक फिजिओथेरपिस्ट आहेत, त्या म्हणाल्या चालणं हृदयाला आणि मनाला छान, पण मनगट, खांदा, पाठ यांच्या हाडांना त्याने काही मिळत नाही. त्यांना ओढ बसायला हवी. आता आठवड्यातून दोन-तीनदा आम्ही डंबेल आणतो, खुर्चीतून हात न टेकता उठबस करतो, भिंतीवर हात टेकून पुशअप्स. फास्टिंग सोडून हे धरलं. मांड्यांतला जोर परत येतोय, जिन्यावर कळतं.

रात्रपाळी_नर्स :
माझ्यासारख्यांचं काय? महिन्यातून दोन आठवडे नाइट. रात्री आठ ते सकाळी आठ. रात्री खायचं नाही म्हटलं तर वॉर्डात राउंड मारताना पाय लटपटतात.

पालेभाजी :
तुम्ही घड्याळाच्या मागे लागूच नका. ड्युटीवर निघायच्या आधी सातच्या सुमाराला पूर्ण जेवण. मध्यरात्रीच्या आत काहीतरी छोटं पण सत्त्वाचं, उकडलेली दोन अंडी किंवा चणे-दही. पहाटे तीन-चारला बिस्किटं, चहा, इडली टाळता आलं तर टाळा. सकाळी घरी आल्यावर हलकं खाऊन झोपा, पोट रिकामं ठेवून झोप येणार नाही. पाळ्या बदलत असताना सोळा तासांची शिस्त लादली तर झोपेचं उरलंसुरलं गणितही मोडेल.

उत्तररात्र :
डॉक्टर, पालेभाजी, दोघींचे आभार. माझं चालू आहे ते बंद करू का? मला खरंच त्याने बरं वाटतं.

डॉ_निशिगंध :
बंद करायची गरज नाही. मधुमेहाच्या गोळ्या नाहीत, चक्कर नाही, झोप ठीक आहे, तर चालू ठेवा. फक्त खाण्याची वेळ दुपारी १२ ते ८ ऐवजी सकाळी ९ ते संध्याकाळी ६ च्या जवळ नेता येते का ते बघा, दोन्ही मोठ्या जेवणांत प्रथिनं मोजून घ्या आणि वजनं उचला. कंबर मोजत राहा. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटरच्या आत असावी. कंबर उतरतेय आणि ताकद टिकून आहे, तर छान चाललंय. पित्ताशयात खडे असतील तर मात्र लांब उपवास आणि झपाट्याने वजन उतरवणं दोन्ही टाळा. पूर्वी हाड मोडलेलं असेल, आईला खुब्याचं फ्रॅक्चर झालं असेल किंवा पाळी चाळिशीच्या आतच गेली असेल तर आधी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्या. त्यातला टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर वजन कमी करण्याच्या आधी हाडांचे उपचार. अचानक वाढलेल्या वजनामागे थायरॉइड आहे का तेही बघावं. आणि हे फास्टिंगशी संबंधित नाही, तरी लिहितेच : पाळी बारा महिने बंद राहून नंतर पुन्हा रक्त दिसलं, थेंबभर जरी, तर ‘परत आली वाटतं’ म्हणून बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

रानजाई :
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. लोकलच्या ग्रुपला लिंक पाठवली. गरगरलेल्या मैत्रिणीला विचारलं, तिला बीपीची गोळी आहे आणि ‘फास्टिंगमध्ये पाणीही कमीच प्यायचं’ असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आता पिते.

पालेभाजी, तुमचं म्हणणं पटलं, पण संध्याकाळी सहाला जेवायचं तर मी ऑफिसात असते. आणि खरं सांगू का, घरी रात्री दहाला जेवण होतं कारण आठला आल्यावर मीच ते करते. सगळ्यांना गरम पोळी लागते. सगळ्यांचं झालं की मी बसते. दुपारच्या डब्यानंतर नऊ तास पोटात चहा सोडून काही नसतं, तेव्हा रात्री मी भुकेने खाते, कितीतरी जास्त खाते. वजन पोटावर का साठतंय याचं एक उत्तर मला इथेच दिसतंय. काल रात्री घरात बोलले. सासूबाई म्हणाल्या, आमटी-भात मी लावते, तू नुसती ये. मुलगा सतरा वर्षांचा आहे, पोळ्या लाटायला शिकतोय, पहिल्या दोन नकाशासारख्या झाल्या पण फुगल्या.

ऑफिसात पॅन्ट्रीत मायक्रोवेव्ह आहे. सहाच्या डब्यात काय नेऊ, जे सकाळी केलेलं संध्याकाळपर्यंत टिकेल? आणि गोळी कशी बसवू?

डॉ_निशिगंध :
थायरॉइडची गोळी पाचला उठल्याबरोबर साध्या पाण्याबरोबर, त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास चहा नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्यापासून चार तास लांब, म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबर. अ‍ॅलेंड्रोनेट वगैरे हाडांसाठीची आठवड्याची गोळी चालू असणाऱ्यांसाठी वेगळं : तीही उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

पालेभाजी :
मुगाचे धिरडे नाचणीचं पीठ घालून, मध्ये किसलेलं पनीर. सकाळी करून पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफेने ओले होतात. मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ आणि एक भाकरी, कांदा वेगळ्या डबीत. सोया चंक्सचा खिमा टिकतो, कोरड्या चंक्समध्ये निम्मी प्रथिनंच असतात. अंडी चालत असतील तर उकडून सालासकट न्या. नारळ घातलेलं काही नेऊ नका, मुंबईच्या हवेत संध्याकाळपर्यंत आंबतं. ऑफिसात फ्रिज असेल तर दही तिथेच ठेवा. घरी आठला आल्यावर सगळ्यांबरोबर बसायचं तर बसा, वाटीभर सार किंवा ताक आणि काकडी. साडेआठला तोंड बंद, सकाळी साडेआठ-नऊला ऑफिसात पोचल्यावर डब्यातला नाश्ता. बारा तास झाले. महिनाभर एवढंच करा आणि कंबर मोजून इथे लिहा.

कोळीवाडा_वरळी :
मटकीच्या उसळीत मूठभर सोडे टाक, रानजाई. मात्र तो डबा पॅन्ट्रीत गरम करायच्या आधी शेजारच्या टेबलवरच्यांना विचारून घे.